दादाचं घोंगडं

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

बिभीषणा,

पत्र बघून दचकू नको. आपल्यात कागद आला की माणसं आधी रडायला बसतात आन मग वाचतात, तसं करू नको. सगळी खुशाल हायेत. कडूबा सोमवारी पहाटं शेंद्र्याला तुमच्याच कंपनीत जातो, त्याच्या हाती धाडते. फोन केला असता, पण घरात फोन एक, तो तुझ्या दादांच्या खिशात, आन त्यांचा नंबर तू बंद करून ठेवलाय म्हणं. लई शहाणा. आत्याबाईंनी, तुझ्या आईनं, तुझं नाव बिभीषण ठेवलं तवाच कुणीतरी म्हणायला पायजे व्हतं, की म्हातारे, हे पोर एक दिस भावाला सोडून पलीकडं जाईल. रागवू नको. तुला कडेवर घेऊन मेंढरामागं फिरले मी, एवढं बोलायचा हक्क मला हाय.

मी चौथी शिकलेली, ती बी देवगाव रंगारीला मामाच्या घरी राहून. अक्षरं वाकडी येतील. तुझ्या बायकोला, अक्षदाला, वाचायला देऊ नको, ती शिकलेली, हसंल.

इकडं बरं हाय. पाणी नाय, पण ते कुठं हाय? टँकर येतो. घर पक्कं झालं, वर स्लॅब, खाली फरशी. मालनबाई शेजारची रोज येऊन फरशीवर पाय पुसून जाते, तिच्या घरी अजून माती हाय म्हणून. मेंढरं इकल्यापासून अंगण लई मोठं वाटतं, झाडायला घेतलं की सरतच नाय. दादा बरे हायेत. जेवण जरा कमी झालंय. झोप लागत नाय म्हणतात. वय झालं की व्हतं तसं माणसाला.

एक काम हाय. मेंढरांच्या जंताच्या औषधाचा डबा घरात पडलाय. मेंढरं नायत तर त्याचं काय लोणचं घालायचं? कडूबाजवळ देते. तू तिकडं कुण्या मेंढपाळाला दे, नाय तर फेकून दे. घरात नको. का म्हणून इचारू नको.

सवड झाली तर ये. दादांनी बेलभंडारा उचललाय, तुझं तोंड बघणार नाय म्हणून, ते मी इसरले नाय. तरी ये.

तुझी वैनी,
सुगंधा

डब्याचं इसरू नको.


रविवार, ३ मार्च

बिभीषणा,

कडूबानं तुझा निरोप दिला. "वैनीला म्हणावं, बघतो." बघ बाबा. बघत बस. तुम्हां शहरातल्या लोकांना बघण्याशिवाय काय येतं?

नाय, भांडायला लिहीत नाय. डबा फेकलास ते बरं केलंस.

मागल्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. दादा सकाळी उठले की काठी घेतात, घोंगडं खांद्यावर टाकतात आन माळावर जातात. मेंढरं असायची तवा जायचे तसेच. तलावाकडं जायची आपली वाट जिथं कुंपणात घुसते तिथं थांबतात. तिथनं हाळी देतात. मोकळ्या माळाला हाळी, बिभीषणा. पलीकडं नुसत्या सोलर कंपनीच्या काळ्या पाट्या, नजर जाईल तिथवर. तू त्या कंपनीची जमिनीची कागदं आणलीस तवा आपल्याला वाटलं, आपला तेवढा तुकडा जाईल, बाकी माळ हायेच. दादांनी अंगठा दिला, कुणी जबरदस्ती केली नव्हती, खरं ते खरं. पण आजूबाजूच्यांनी बी दिला, आन कुंपण पडलं तवा कळलं की आपली वाटच आत गेली. मेंढरं त्या साली आपण तहानेनं इकली. हे सगळं तुला ठाऊक हाय, मी उगाच लिहिते. तुझ्यावर ढकलायला नाय लिहीत. तू बी लोकांचं भलं व्हईल म्हणूनच दारोदार फिरलास.

त्या पाट्या सूर्यासंगं माना वळवतात. सकाळी तिकडं, सांजेला इकडं. दादा म्हणतात, "ह्यांना हाकायला कुणी नाय, तरी वळत्यात." ते हसून म्हणतात, मला हसू येत नाय.

मागल्या हप्त्यात कंपनीचा टँकर आला. प्यायचा नाय, पाट्या धुवायचा. धूळ बसली की वीज कमी पडते म्हणं तुमच्या शहराला. पाइपानं पाणी उडत व्हतं. दादा तार धरून उभे. मी जवळ गेले तर म्हणले, "सुगंधे, ह्यांना पाजत्यात गं." आन डोळ्यांतनं पाणी. बापाच्या तेराव्याला नाय रडला तो माणूस.

लोक हसतात. कंपनीच्या गेटावरचा पोरगा हाळीची नक्कल करतो. मालनबाई म्हणली, बाहेरचं हाय, देवरुष्याकडं न्या. नेलं. लिंबं झाली, अंगारा झाला, कोंबडं झालं. कोंबडं देवरुष्यानं खाल्लं, दादा तसेच हायेत.

मला कशाचं भ्या वाटतं ते मी लिहिणार नाय. तू समजून घे. आत्याबाई काय म्हणायच्या आठव. वास्तू तथास्तु म्हणते. घरात अभद्र बोललं की भिताडं ऐकतात आन खरं करून दाखवतात. त्या म्हणायच्या, पालात काय बी बोल पोरी, पालाला वास्तू नसते, वारं घेऊन जातं. आता पालं गेली. आता चारी बाजूंनी भिताडं हायेत, पक्की, शिमिटाची. मी तर मनात बी तो शब्द येऊ देत नाय. दादा कुठं निघाले की मी पाठोपाठ निघते, टोपली घेऊन, शेण गोळा करायचं निमित्त करून. आता शेण तरी कुणाचं? मेंढरू नाय, म्हस नाय. दादा वळून बघतात. पुन्हा चालाया लागतात.

ये रे. बघतो म्हणू नको.

सुगंधा


रविवार, ३१ मार्च

बिभीषणा,

आज लई राग आलाय, तुझ्यावर नाय, त्यामुळं तू निवांत वाच.

शहरातनं एक बाई येते दर गुरुवारी, नीरजाताई म्हणून. देवळाच्या ओट्यावर बसते. जिथं जिथं ह्या पाट्या बसल्या, त्या गावांत माणसांच्या मनाचं काय झालं ते बघायला तिला नेमलंय म्हणं. सुई नाय, गोळी नाय, नुसती बोलते. आधी वाटलं, हिला काम नसंल. मालनबाई म्हणली, "एवढ्या लांबून नुसतं बोलायला आली? आमच्या गावात काय बोलणाऱ्यांचा दुष्काळ हाय?" पण बाई गोड. आपल्यासारखीच ओट्यावर मांडी घालून बसते, कोरा चहा पिते. मी तिला म्हणलं, झोप येत नाय आमच्या मालकाला. ती म्हणली, घरी येऊ का? म्हणलं या.

ह्या गुरुवारी आली. दादा माळावर. मी तिला खाट टाकून दिली, पाणी दिलं. सगळं सांगितलं, हाळीचं, टँकरचं, शेणाच्या टोपलीचं. ती ऐकत व्हती, मधी एकदा बी बोलली नाय. मला हलकं वाटाया लागलं. आन मग तिनं इचारलं. सरळ. माझ्या घरात, माझ्या स्लॅबखाली बसून, मोठ्यानं, तो शब्द घेऊन इचारलं, दादांच्या मनात तसं काही येतं का.

बिभीषणा, माझ्या हातातला तांब्या पडला. मी म्हणलं, "बाई, उठा. आत्ता उठा." ती म्हणली, "अहो सुगंधाबाई, इचारल्यानं माणसाच्या मनात येत नाय, असंल तर कळतं." मी म्हणलं, "तुमच्या शहरात येत नसंल. आमचं घर ऐकतं." हाताला धरून तिला बाहेर काढलं. मीठ-मिरच्या घेऊन चारी कोपऱ्यांवरून उतरवल्या, चुलीत टाकल्या, ठसका सुदिक आला नाय. ठसका आला नाय म्हंजे दृष्ट लागलेली असते, ठाऊक हाय ना? मी तशीच चुलीपुढं बसून राहिले.

बाई जाताना दारातनं म्हणली, "चुकले मी. पण त्यांना एकटं सोडू नका. आन घरात औषध, दोर, काय असंल ते नजरेआड करा." मी म्हणलं, ते कवाच केलंय.

म्हणून बसले. तोंडातनं निघून गेलं. म्हंजे मला बी ठाऊक हाय, हे तिला कळलं, मला बी कळलं.

सुगंधा


रविवार, १४ एप्रिल

बिभीषणा,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या महिन्यांत पहिली. लिहिलंस, "वैनी, दादानं कडूबाजवळ घोंगडं धाडलं. आबाचं घोंगडं. दादाचा राग गेला. मी रडलो. पुढल्या महिन्यात सुट्टी टाकून येतो, अक्षदाला बी आणतो."

अरे माझ्या राजा. राग गेल्याचं नाय ते.

तुला ठाऊक नाय, तुझी चूक नाय. मामंजींच्या, तुझ्या आबाच्या, तेराव्याला तू माझ्या कडेवर झोपला व्हतास. त्या दिशी भावकीनं ते घोंगडं दादांच्या खांद्यावर घातलं. त्याच्या आधी मामंजींच्या खांद्यावर त्यांच्या बापाच्या तेराव्यालाच पडलं व्हतं. आपल्यात ते घोंगडं जित्या माणसाच्या खांद्यावरून उतरून दुसऱ्याकडं जात नाय. भर उन्हाळ्यात बी दादा खांद्यावर टाकूनच जायचे, तुला आठवत असंल, आपण हसायचो.

सोमवारी कडूबा गेला आन मी खुंटीकडं बघितलं तर मोकळी. इचारलं, घोंगडं कुठं? म्हणले, "दिलं बिभीषणाला. त्याचंच हाय पुढं." आन भाकरी मोडून खाल्ली, लई दिसांनी पोटभर खाल्ली. मालनबाई म्हणली, बघ, माणूस सुधरला. मला ती भाकरी बघवंना. एवढा शांत माणूस मी महिन्याभरात बघितला नव्हता आन मला जेवढं भ्या त्या शांतपणाचं वाटलं तेवढं हाळीचं कधी वाटलं नाय.

मालनबाईच्या फोनवरून तुला फोन लावला. तू उचललास. "वैनी, दादाचा राग गेला ना?" म्हणलास, पोरासारखा. मी घरात उभी, भिताडाला टेकून. मी काय म्हणले? "पाणी येतं का रे तिकडं?" तू म्हणलास, येतं, चार दिसाआड येतं. मग मी फोन ठेवला. तुला वाटलं असंल, वैनीचं डोकं फिरलं.

आता कागदावर बी सांगता येत नाय. चुलीपुढं बसून लिहिते आन चूल बी घराचीच हाय. पण तू पुढल्या महिन्याचं बोलू नको. पुढला महिना लई लांब हाय.

सुगंधा


गुरुवार, १८ एप्रिल

बिभीषणा,

हे पत्र नीरजाताई सोता तुझ्या हातात देतील. सोमवारच्या कडूबाची वाट बघवंना. आन हे मी घराबाहेर लिहिते, माळावर, आपल्या वाकड्या बाभळीखाली. मांडीवर ताट पालथं घालून वर कागद ठेवलाय. अक्षरं आणखी वाकडी झाली तर वाऱ्याला बोल लाव.

आज सगळं लिहिते.

सोमवारी दिसभर मला एकच सुचत व्हतं, आत्याबाईंचं ते बोलणं. पालात काय बी बोल, वारं घेऊन जातं. मग मनात आलं, सुगंधे, घरात बोलायचं नाय ना? मग घराबाहेर बोल की. जलमभर उघड्यावर राहिलीस आन आता स्लॅबखालीच श्वास घ्यायचा असल्यासारखी वागतीस. मंगळवारी सकाळी दादा निघाले तवा मी टोपली घेतलीच नाय. भाकरी बांधल्या, लसणाची चटणी घेतली, आन उघड उघड त्यांच्यासंगं निघाले. ते म्हणले, "आज शेण नाय गोळा करायचं?" मी म्हणले, "नाय."

कुंपणाला जाऊन बसलो. पाट्या उन्हाला तोंड करून. पाट्यांमागच्या विजेच्या पेटीतला तो घूं आवाज. मी चारी बाजूंनी बघितलं, भिताड तर नाय ना कुठं, छप्पर तर नाय. तारंचं कुंपण तेवढं व्हतं. तारंतनं वारं जातं, तिला काय ऐकू येणार? तरी लगेच इचारवंना. एकदा म्हणले, भाकरी खाता का. मग म्हणले, उन्ह लई हाय. मग डोळे मिटले आन इचारलं.

"अहो, तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का?"

लिहिलं बघ.

दादांनी काठीनं मातीत रेघ वढली. माझ्या मनात आलं, झालं, मीच वाईट केलं, मीच बोलून बसले. मग ते म्हणले, "येतं."

तेवढंच. येतं. जसं कुणी इचारावं, तुमच्याकडं टँकर येतो का.

मग म्हणले, "रोज येतं. पाट्या वळाया लागल्या की येतं. सांजेला जरा निवतं." मी रडाया लागले. ते म्हणले, "तू लई दिसांपासून माझ्या मागं टोपली घेऊन फिरतीस. मला वाटलं, हिला समदं ठाऊक हाय. मग इचारीत का नाय? मी वाट बघत व्हतो, कुणी इचारतंय का."

वाट बघत व्हता रे माणूस. आन मी मीठ-मिरच्या जाळत व्हते.

मी म्हणले, "घर ऐकतं ना अहो." तर हसले. कितीक दिसांनी खरं हसले. म्हणले, "घराला काय ऐकू जातंय, सुगंधे? स्लॅब हाय तो. माझाच आवाज माझ्या अंगावर परत येतो त्यात."

मग बोलले. सकाळपासून दुपार झाली. कळपातली एकेक मेंढी नावानं आठवली त्यांनी. म्हणले, सकाळी उठून कुणीकडं जायचं तेच कळत नाय, पाय आपोआप इकडं येतात. म्हणले, लोक हसतात त्याचं काय नाय, पण हाळी दिली आन कुणी मान वर करत नाय, त्याचं लई लागतं. मी इचारलं, घोंगडं का दिलं? म्हणले, "रागानं त्याला तोडला. माझ्यामागं त्याला भावकीच्या हातून घेताना लाज वाटली असती. म्हणलं, आपणच देऊन टाकावं."

मी म्हणले, मी बोलावते त्याला. ते म्हणले, "भंडारा उचललाय मी." मी म्हणले, देव माफ करंल. ते म्हणले, "देवाचं देव बघंल, मी शब्द मोडत नसतो." तू तर ओळखतोस त्यांना, मोडतील पण वाकणार नायत. भाकरी खाल्ल्या. चटणी तिखट झाली म्हणले. आन मग आपणच म्हणले, तारंकडं बघत, "तोंड बघणार नाय म्हणलो व्हतो. आवाज ऐकणार नाय असं नव्हतो म्हणलो."

ऐकलंस?

आज नीरजाताई आल्या. त्यांना मी आपणहून इथं घेऊन आले, आधी माफी मागितली, त्या म्हणल्या, चूक माझी व्हती. दादा त्यांच्याशी बोलले. फार नाय, पण बोलले. त्या म्हणतात, हा आजार हाय, बाहेरचं नाय, आन ह्याला औषध असतं. सोमवारी शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचंय, त्या सोता संगं थांबणार हायेत. तवर त्यांना एकटं सोडायचं नाय, आन मला बी एकटं राहायचं नाय असं म्हणल्या. मी मालनबाईला खरं सांगितलं. मला वाटलं गावभर करंल. ती गपचूप आपली गोधडी घेऊन आमच्या दारात निजायला आली, फरशी गार लागते म्हणं.

बिभीषणा, सगळं नीट झालं असं समजू नको. मला अजून भ्या वाटतं. आत्ता बी लिहिता लिहिता मान वर करून बघते, दादा हायेत का तिथं. हायेत. कुंपणाला बसलेत. काल सांजेला घटकाभर दिसले नाय तर मी पळत सुटले, ते तर देवळामागं बसले व्हते. सोमवारपर्यंत कशी काढू मला कळत नाय. मी एकली पुरत नाय रे. मी तुला सांगायचीच राहिले, मी पुरत नाय.

शनिवारी ये. घरी येऊ नको, सरळ माळावर ये. दादा ह्या बाभळीजवळ बसलेले असतील, पाट्यांकडं तोंड करून, वाटंकडं पाठ करून. मी त्यांना तसंच बसवते. लांबनंच हाळी दे, दचकायला नको. तुझी हाळी त्यांना कळंल, तूच नाय का लहानपणी त्यांच्यामागं हाळी द्यायला शिकलास. मग पाठीमागनं जवळ ये आन त्यांच्या पाठीला पाठ लावून बस. काय बोलायचं सुचलं नाय तर तिकडं पाणी चार दिसाआड येतं, तेच सांग.

आन घोंगडं आण. अंगावर घेऊन येऊ नको, हातात आण. बसायच्या आधी पाठीमागनं त्यांच्या खांद्यावर घाल.

एकदा उतरलेलं घोंगडं त्याच खांद्यावर परत घालता येतं का, मला ठाऊक नाय. आपल्यात कुणी घातलेलं मी बघितलं नाय. तू घाल.

सुगंधा